खडीच्या खाणीतली पाणथळ: खणण्याआधी काय, खणून झाल्यावर काय

लव्हाळा (धागाकर्ता)

वाळू-उपशाच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "अमेरिकेत खाणवाले खणून झाल्यावर तळी करून देतात म्हणे, मग आपल्याकडे का नाही?" तिथे उत्तर लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा. मी कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या उत्तरेला, वाळू-गोट्यांच्या खाणींवर पर्यावरणाचं काम बघतो. खाणवाल्यांचाच पगार खातो, हे आधीच सांगून ठेवतो.

तळी होतात हे खरं आहे, पण त्यासाठी कुणाला फार काही करावं लागत नाही. साउथ प्लॅट आणि तिला मिळणाऱ्या सेंट व्रेन, पूडर या नद्यांनी रॉकी पर्वतातले गोटे नि वाळू आणून इथल्या मैदानात शेल खडकावर (पाणी सहसा झिरपू न देणारा, चिखल घट्ट होऊन झालेला खडक) पसरून ठेवलीय. भूजल काही फुटांवर लागतं. खणताना पंप लावून खड्डा कोरडा ठेवायचा. माल संपला की पंप बंद, आणि खड्डा आपोआप भरतो. पण उभ्या काठाचं तीस फूट खोल पाणी म्हणजे पाणथळ नव्हे. त्यात बदकं उतरतील, मासे वाढतील. लव्हाळे, पाणकणीस, वाळुंजाची झुडपं, बेडूक, चिखलात चोच खुपसणारे तुतवार यांना गुडघाभर पाणी आणि ओली जमीन लागते. नदीकाठचं जे ओलं कुरण खाणीत जातं तिथे नेमकं तेच असतं.

म्हणून सगळी लढाई काठाच्या पट्ट्याची असते. कोलोरॅडोच्या नियमांत पाण्याच्या पातळीजवळ ३:१ पेक्षा उभा उतार चालत नाही, म्हणजे एक फूट खाली जायला निदान तीन फूट आडवं. माणूस बुडू नये, काठ ढासळू नये एवढ्यापुरतं ते ठीक. पाणथळीला दहास एक किंवा त्याहून सपाट उतार हवा. आता हिशोब करा. सपाट काठ म्हणजे त्याखालची खडी एकतर सोडून द्यायची, नाहीतर काढून तिथे पुन्हा भर घालायची. दोन्हीत पैसा जातो. आणि भर कुठून आणणार? वरची माती आणि खडी धुताना निघालेला बारीक गाळ खाणीच्या पहिल्याच वर्षी कुठेतरी ढिगाने टाकलेला असतो, नाहीतर विकलेला असतो. मग शेवटच्या वर्षी नकाशावर हिरवा रंग मारून काही होत नाही. कुठला गाळ कुठे राखायचा आणि कुठला कोपरा किती खोल न्यायचा, हे पोकलेन आत यायच्या आधी ठरलेलं असावं लागतं.

खणण्याआधीची कामं सांगतो. पाणथळीची हद्द आखणे हे पहिलं. १९८७ ची लष्करी अभियंता दलाची पुस्तिका अजून चालते आणि ती तीन खुणा बघते: झाडोरा, माती, पाणी. गिरमिटाने माती काढायची आणि रंगाच्या पुस्तिकेशी ताडायची. राखाडी, निळसर, मध्ये गंजाचे ठिपके दिसले की ती माती वर्षातला बराच काळ पाण्याखाली असते. वरून गवत वाळलेलं असलं तरी माती खोटं बोलत नाही. मग अडवणारे पाहुणे. यूट लेडीज ट्रेसेस नावाचं पांढऱ्या फुलांचं ऑर्किड या ओल्या कुरणांत येतं. १९९२ पासून संरक्षित आहे. ते उन्हाळ्याच्या शेवटी फुलतं आणि फुलल्याशिवाय गवतात सापडत नाही. तेव्हा तुमचा सर्व्हे एप्रिलमध्ये उरकला असेल तर तो धरत नाहीत, ऑगस्टची वाट बघा. दुसरा पाहुणा प्रेबलचा उड्या मारणारा उंदीर, संरक्षण १९९८ पासून. वर्षातले निम्म्याहून जास्त महिने झोपून काढतो आणि तरी कामाचं वेळापत्रक त्याच्या सोयीने ठरतं.

खणताना काय बिघडतं आणि पाण्याचा हक्क या प्रकाराने सगळं कसं उलटंपालटं होतं, ते पुढच्या प्रतिसादात लिहितो. जेवायला बोलावतायत.

पाणकोंबडी

वाचनखूण साठवली आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शंकेखोर

एक भाबडी शंका. खणणं हेच मोठं नुकसान ना? मग आधी पाणथळ मोडायला परवानगी द्यायची आणि नंतर बनवायला लावायची, हा द्राविडी प्राणायाम कशाला? मुळात नाहीच म्हणायचं.

लव्हाळा

शंकेखोर, कागदोपत्री क्रम तोच आहे: आधी टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा, तेही जमत नसेल तर भरपाई म्हणून दुसरी पाणथळ करून द्या. प्रत्यक्षात टाळण्यावर सगळ्यात कमी वेळ खर्च होतो, कारण खडी जिथे आहे तिथेच ओली कुरणं आहेत. दोन्ही नदीनेच घडवलेली.

कायद्याची गंमत ऐका. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याचं ४०४ कलम परवाना मागतं तो पाणथळीत भर टाकायला. निव्वळ खणायला नाही! खणताना बादलीतून थोडी माती परत सांडते, ती भर धरायची का, यावर १९९० च्या दशकात खटले चालले आणि १९९८ मध्ये निकाल खाणवाल्यांच्या बाजूने गेला. तरी रस्ता करा, बांध घाला, मातीचा ढीग लावा, तिथे परवाना लागतोच, म्हणून बहुतेक खाणी त्यात येतात. २०२३ मध्ये सॅकेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी दोरी सैल केली. नदीशी पृष्ठभागावरून सलग जोडलेली नसेल तर ती पाणथळ केंद्राच्या कक्षेत नाही. नदीपासून थोडं दूर, भूजलावर जगणारी आमच्याकडची कितीतरी कुरणं त्यातून सुटली. कोलोरॅडोने २०२४ मध्ये स्वतःचा कायदा करून ती फट बुजवायला घेतली. सगळ्या राज्यांनी तसं केलेलं नाही.

आता खणतानाचं. डंपर पाणथळीत घालू नये, डिझेल तिथे भरू नये, गाळ अडवायला जाळीचं कापड लावावं, हे सगळे करतात आणि तपासणीसालाही तेवढंच दिसतं. खरा मार बसतो तो न दिसणाऱ्या पाण्याला. खड्डा कोरडा ठेवायला पंप चालले की आजूबाजूचं भूजल खाली जातं. शेजारची पाणथळ, जिला तुम्ही नकाशावर "अबाधित" लिहिलंय आणि नारिंगी कुंपण घातलंय, ती कुंपणाच्या आत उभ्या-उभ्या वाळते. आधी लव्हाळे पिवळे पडतात, मग काटेरी कॅनडा थिसल शिरतं, आणि दोन-तीन हंगामांत माती ओली राहिलेली नसते. उपाय सोपा आहे, फक्त आधी सुचायला हवा. खड्डा आणि पाणथळ यांच्या मध्ये चर खणायचा, उपसलेलं पाणी नदीत न सोडता आधी निवळवून त्या चरात सोडायचं, ते जमिनीत मुरून पाणथळीखालची पातळी टिकवतं. आणि पिझोमीटर, म्हणजे पातळी मोजायच्या बारीक नळ्या, खणण्याच्या निदान वर्षभर आधी बसवायच्या. आधीची नोंद नसेल तर "तुमच्यामुळे वाळलं" आणि "दुष्काळामुळे वाळलं" हा वाद कधीच मिटत नाही.

पाण्यातूनच खणायचं, पंपच लावायचे नाहीत, असाही मार्ग आहे. शेजारची पाणथळ त्यात सुखी राहते. पण तळाला आकार देणं अवघड जातं, कारण दिसतच नाही. मला तरी चांगली पाणथळ शेजारी असेल तिथे हाच मार्ग पटतो. काठ ओबडधोबड झाला तर झाला.

खडीक्रशर

लव्हाळाराव, लेख छान. मी पुण्याजवळ क्रशर चालवतो, म्हणजे तुमच्या गोष्टीतला व्हिलन. दोन प्रश्न. हे सगळं करायचं तर खडीचा दर काय पडतो? आणि खाणवाला पळून गेला तर?

लव्हाळा

दर सांगत नाही, जागेजागी फार बदलतो आणि आमचे मालक इथे वाचत नसतील याची खात्री नाही :) पळून जाण्याचं मात्र सांगतो. खणण्याआधी राज्याकडे पैशांची हमी ठेवावी लागते. तुम्ही मधेच गेलात तर सरकारने त्रयस्थ कंत्राटदार लावून जमीन नीट करायला जो खर्च येईल तेवढी. जेवढं खणून उघडं पडलंय त्यावर ती ठरते, म्हणून एका बाजूने खणत दुसऱ्या बाजूने मिटवत जाण्यात मालकाचाच फायदा. माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेत सगळ्यात जास्त काम करणारी गोष्ट हीच. बाकी अहवाल वगैरे माझ्यासारख्यांच्या पोटापाण्याची सोय.

टेम्सकाठी

इंग्लंडमधून भर घालते. इथे नैऋत्येला, पूर्वेला, मध्यभागी, नद्यांच्या खोऱ्यांत जुन्या खडी-खाणींची तळी जागोजाग आहेत. नॉटिंगहॅमजवळच्या अ‍ॅटनबरोला १९२९ पासून खडी काढत होते आणि १९६६ ला तिथे अभयारण्य झालंसुद्धा. पण मला सांगायचंय ते केंब्रिजशरमधल्या ऊझ फेनबद्दल. हॅन्सन (२०२३ पासून नाव हायडेलबर्ग मटेरियल्स) कंपनीची खाण चालू आहे आणि आरएसपीबी ही पक्षीसंस्था त्यांच्याबरोबर मागून मागून नळवन उभं करतेय. एकूण २.८ कोटी टन वाळू-खडी निघणार आणि मागे ७०० हेक्टरचं राखीव क्षेत्र उरणार, त्यात ४६० हेक्टर नळवन. तापस पक्ष्यासाठी मुख्यतः. १९९७ मध्ये अख्ख्या ब्रिटनमध्ये घुमणारे तापस नर फक्त ११ उरले होते, त्यावरून ४६० हेक्टर नळवनाची किंमत कळेल.

तिथे खडीखाली चिकणमाती आहे. एकेक कप्पा खणतात, वरची माती परत पसरतात, चिकणमातीचे बांध घालतात आणि प्रत्येक कप्प्याची पातळी वेगळी राखतात. लव्हाळा म्हणतात तसं सगळं आधी ठरलेलं.

अवांतर: इथे पाणथळ करायला एक वेगळीच आडकाठी येते, विमानतळ. धावपट्टीपासून १३ किलोमीटरच्या आत मोठं पाणी करायचं तर त्यांचं मत घ्यावं लागतं. हंस नि बदकांचे थवे इंजिनात गेलेले कुणाला नको असतात. बऱ्याच खाणी शहरांजवळ, शहरांजवळच विमानतळ.

पाणकोंबडी

तापस! _/\_

टेम्सकाठी, नळ एकच एक माजत नाहीत का? आमच्याकडे पाणकणीस एकदा शिरलं की दुसरं काही उरत नाही.

टेम्सकाठी

माजतात. म्हणून आळीपाळीने कापतात, काही ठिकाणी गुरं सोडतात. नाहीतर दरवर्षीचा पाला साचून नळवन हळूहळू उंच होतं आणि कोरडं पडून त्याचं झुडपी रान होतं. करून दिलं आणि निघून गेलं, असं यात नाही.

लव्हाळा

पाणकणसाचं रडगाणं आमच्याकडेही तेच. उथळ तळं करून पातळी स्थिर ठेवली की दोन वर्षांत भिंत उभी राहते. आम्ही पाणी बाहेर जायच्या तोंडाशी बर्गे टाकायची सोय ठेवतो, एकेक फळी काढून पातळी चार-सहा इंचांनी खालीवर करता येते. उन्हाळ्यात थोडं उघडं पाडायचं, चिखलावर दुसरं बी रुजू द्यायचं. बी मुळात येतं कुठून? जुन्या पाणथळीच्या वरच्या मातीतून. ती काढून उंच ढीग घातला नि पाच वर्षं ठेवला तर आतलं बरंचसं मरतं. सगळ्यात उत्तम म्हणजे इकडून उचलली आणि त्याच आठवड्यात तयार असलेल्या जुन्या खड्ड्याच्या काठावर पसरली. त्यासाठी आधीचा खड्डा तयार हवा. पुन्हा वेळापत्रकच.

वाळुंजाचे सोटे मात्र स्वस्तात काम करतात. पानं फुटायच्या आधी कापायचे आणि बुडखा भूजलाला टेकेल एवढे खोल रोवायचे. मग फक्त कॅनडा गीझ आणि बीव्हर यांच्यापासून वाचवायचे, म्हणजे जाळी आलीच.

आता कबूल केलेली पाण्याच्या हक्काची गोष्ट. हे कोलोरॅडोचं खास प्रकरण आहे. इथे नदीचं पाणी "आधी ज्याने वापरलं त्याचा हक्क आधी" या तत्त्वावर वाटलेलं आहे, आणि साउथ प्लॅटचं कधीच वाटून संपलंय. १९८८ मध्ये थ्री बेल्स रँच खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खडी काढताना भूजल उघडं पडलं तर तो खड्डा म्हणजे विहीर! कारण उघड्या पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ म्हणजे नदीतून चोरलेलं पाणी. इथे वर्षाला पाऊस १५ इंचांच्या आसपास आणि उघड्या पाण्याचं बाष्पीभवन ४० इंच. एकराला साधारण ४१ लाख लिटर हवेत जातं. १९८१ च्या आधी उघडे पडलेले खड्डे पुढे कायद्याने माफ झाले, नंतरच्यांनी तेवढं पाणी विकत घेऊन नदीला परत करायचं. कायमचं. खाण बंद झाल्यावरही.

मग खाणवाले काय करतात? खड्ड्याभोवती शेल खडकापर्यंत खोल चर खणून त्यात माती नि बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) यांचा गिलावा भरतात. भूमिगत भिंत झाली. आतलं पाणी उपसून टाकलं की तो कोरडा हौद होतो, आणि शहरं तो साठवणीसाठी घेतात. खाणवाल्याला माल विकून झाल्यावर खड्डासुद्धा विकता येतो! साहजिकच सगळ्यांचा कल तिकडे. पण त्या हौदात शहराच्या गरजेप्रमाणे पातळी वीस-वीस फूट खालीवर होते. काठाला उघड्या गोट्यांचा पट्टा राहतो, तिथे काहीही उगवत नाही. शिवाय भिंतीमुळे भूजलाची वाट अडते. वरच्या अंगाला ते फुगून लोकांच्या तळघरात येतं, खालच्या अंगाला सावली पडल्यासारखं कोरडं होतं, आणि तिथे कुणाची तरी पाणथळ असते. म्हणजे पाणी वाचवायच्या नियमानेच पाणथळ करणं महाग करून ठेवलंय. मला यावर तोडगा सुचलेला नाही. पाणथळीच्या वाफेलाही हक्क विकत घ्यावा लागतो, आणि तो घेणारा म्हणजे बहुतेक वेळा भरपाईच्या अटीत अडकलेलाच कुणीतरी.

शंकेखोर

वाफेला चोरी म्हणणारा देश पहिल्यांदाच ऐकला.

बाकी माझा मुद्दा कायम. केलेली पाणथळ मूळ पाणथळीइतकी असते का? हो की नाही?

लव्हाळा

नाही. निदान आमच्या आयुष्यात नाही. झाडोरा पाच-सात वर्षांत दिसायला छान होतो, पण मातीतलं सेंद्रिय शतकांचं असतं, ते येत नाही. म्हणून तर भरपाई एकास एकपेक्षा जास्त मागतात. २००८ च्या नियमाने निदान पाच वर्षं देखरेख सक्तीची केली, आणि पाचव्या वर्षी मंजुरी मिळालेल्या जागा पुढे तण माजून बसलेल्या मी बघतो. पण एक सांगू का, इथली मूळ कुरणंसुद्धा दीडशे वर्षांच्या कालव्यांच्या गळतीवर जगणारी आहेत बरीचशी. अस्पर्श असं फार कमी उरलंय.

पाणकोंबडी

हे अगदी पटलं. नांदूर मधमेश्वर, २०२० ची महाराष्ट्राची पहिली रामसर जागा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ), हीसुद्धा गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून झालेली. भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो) उजनीचं पाणी ओसरून चिखल उघडा पडतो म्हणून येतात. पक्ष्याला मूळ-बनावट कळत नाही, खोली कळते. लांब पायांच्या शेकाट्या पक्ष्याचे पाय केवढे, तेवढंच पाणी त्याला चालतं.

डासांचं काय पण? उथळ पाणी म्हटलं की सोसायटीवाले आधी तेच विचारतात.

लव्हाळा

रास्त भीती आहे. २००३ मध्ये वेस्ट नाईल तापाची मोठी साथ कोलोरॅडोतच आली होती. डास वाढतात ते तुटलेल्या डबक्यांत, टायरांच्या चाकोऱ्यांत, जिथे मासे पोचत नाहीत तिथे. उथळ भाग खोल पाण्याला जोडलेला ठेवला तर मासे नि चतुराच्या अळ्या बरंच काम करतात. चाकोऱ्या बुजवणं हे सगळ्यात दुर्लक्षित काम.

कज्जेदलाल

भारतातल्या कायद्याचं थोडक्यात. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा, फेब्रुवारी २०१२: सर्वोच्च न्यायालयाने गौण खनिजाच्या (वाळू, खडी वगैरे) पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. त्याआधी मोठ्या पट्ट्याचे तुकडे करून सुटका करून घेत. २०१६ ची वाळू मार्गदर्शक तत्त्वं नदीपात्रात तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, जे आधी येईल तिथे थांबायला सांगतात. २०१७ चे पाणथळ नियम मात्र नदीपात्र, भातखाचरं आणि सिंचनासाठी बांधलेली तळी व्याख्येतूनच वगळतात. म्हणजे वाळू जिथून निघते ती जागा पाणथळ नियमांत येतच नाही. लव्हाळांनी सांगितलेल्या हमीसारखं वजनदार काही आपल्याकडे प्रत्यक्षात चालताना मी पाहिलेलं नाही.

नदीकाठचा

पूर आला की ही तळी काय करतात? नदीपेक्षा खोल खड्डे नदीच्या शेजारीच म्हणजे...

लव्हाळा

नेमकं बोट ठेवलंत. सप्टेंबर २०१३ च्या पुरात सेंट व्रेनने लायन्स ते लाँगमाँट पट्ट्यात तळ्यांचे बांध फोडले आणि पात्र सोडून खड्ड्यांतून वाहिली. पुराचं पाणी खोल खड्ड्यात कोसळतं, कोसळता कोसळता काठ कुरतडत मागे नदीकडे सरकतं, आणि शेवटी नदीच आत येते. मग वरच्या अंगाला पात्र खचतं, पूल उघडे पडतात. वॉशिंग्टन राज्यात ईस्ट फोर्क लुईस नदी १९९६ च्या पुरात अशीच खाणीच्या तळ्यांत शिरली होती. इलाज म्हणजे नदीपासून रुंद पट्टा न खणता सोडणे आणि पाणी कुठून आत येईल, कुठून बाहेर जाईल ते आधीच ठरवून तिथे दगडी सांडवा करणे. हा रुंद पट्टा वाळुंज-पाणथळीचा ठेवला तर एका खर्चात दोन कामं. मालकाला मी हेच विकतो.

खडीक्रशर

माझं बघा. आमच्याकडे नदीची खडी नाही, बेसाल्ट फोडतो. साठ फुटी उभे कडे, खाली पावसाचं पाणी, मे महिन्यापर्यंत थोडं उरतं. पोरं पोहायला येतात, त्याची भीती जास्त. लीज संपत आलीय. यात तुमचं काही बसतं का?

लव्हाळा

याला पाणथळ म्हणू नका, कागदावर तर मुळीच नको. खडक अभंग, भूजलाशी संबंध जेमतेम, पातळी पूर्ण पावसावर. पण एक बाजू करता येईल. ज्या बाजूने डंपर उतरतात तो उतार आयता आहे. शेवटचा टप्पा खणताना कड्याला एक रुंद पायरी सोडा. क्रशरची भुकटी आणि काढून टाकलेला मुरूम-माती तिथे पसरा, वर जवळच्या ओढ्याच्या कडेची थोडी माती. बाकीच्या तीन बाजूंना कुंपण, आणि कड्याच्या टोकाला काटेरी झुडपांची दाट रांग. पोरं उतरलीच तर सपाट बाजूने उतरतील नि बाहेर येता येईल.

पायरी किती उंचीवर सोडायची हाच सगळा प्रश्न. पाणी सप्टेंबरला कुठवर असतं आणि फेब्रुवारीला कुठवर, याची नोंद आहे का?

खडीक्रशर

नोंद कसली. कड्यावर पांढरा डाग दिसतो तेवढाच.

लव्हाळा

मग या पावसाळ्याआधी कड्यावर रंगाने फुटाफुटाला पट्टे मारून घ्या, आणि महिन्याला एक फोटो. पट्ट्यांशिवाय पायरी सोडू नका. दोन फुटांनी चुकली तर एकतर ती वर्षभर बुडालेली राहील, नाहीतर दिवाळीलाच कोरडी.

खडीक्रशर

सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणतो पट्टे मारायला दोरावरून कोण उतरणार. बघतो.